तक्रार पत्र: आय-८६४ (आर्थिक हमीपत्र) अर्जातील चूक आणि शुल्क परतावा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आई-वडिलांच्या ग्रीन कार्ड प्रकरणात चुकीचा जॉइंट स्पॉन्सर (जोडीचा हमीदार) लावल्याबाबत

महोदय,

माझी मुलगी अमेरिकन नागरिक असून नवरा व दोन मुलांसह न्यू जर्सीत राहते. आम्हा नवराबायकोसाठी तिने केलेल्या अर्जांचे काम आपल्याकडे होते. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत झाली, पण व्हिसाऐवजी २२१(जी)ची, म्हणजे व्हिसा तूर्त नाकारल्याची, चिठ्ठी हातात पडली. कारण एकच: आर्थिक हमी ग्राह्य नाही.

आय-८६४ साठी स्पॉन्सरचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या तक्त्याच्या १२५ टक्के लागते. मुलीच्या घरातले चौघे आणि येणारा एक, अशा पाच माणसांना २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ही रक्कम वर्षाला ४७,०६२ डॉलर होते. मुलगी शाळेत अर्धवेळ काम करते, तिचा एकटीचा पगार तेवढा नाही. इथवर आपले म्हणणे बरोबर. आम्हा दोघांचे अर्ज वेगवेगळे लागतात (म्हणून वर येणारा एकच धरला), हेही आपण नीट सांगितलेत.

पुढे मात्र आपल्या प्रतिनिधीने सांगितले, "जावई सिटिझन नाहीत, त्यांचे उत्पन्न धरता येत नाही." हे साफ चूक आहे. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याचे उत्पन्न आय-८६४ए (घरातल्या माणसाचे उत्पन्न जोडण्याचा फॉर्म) भरून धरता येते, त्यासाठी तो नागरिक असावा लागत नाही. जावयांचा एकट्याचाच पगार वरच्या रकमेहून जास्त आहे. त्यांच्या पगाराची स्लिप आपण मागितलीसुद्धा नाहीत.

त्याऐवजी डॅलसचा माझा पुतण्या जॉइंट स्पॉन्सर म्हणून उभा केलात. तो एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे! जॉइंट स्पॉन्सरला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतेच. जावयांना लावलेला नियम, तोही चुकीचा, पुतण्याच्या वेळी कुठे गेला?

सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. पुतण्याला आपण फक्त सहीचे पान ईमेल केलेत. पूर्ण अर्ज आम्ही मुलाखतीनंतर पाहिला. त्यात 'कायम रहिवासी' या चौकटीवर खूण आहे आणि पुराव्याला एच-१बीच्या मंजुरीचा कागद जोडला आहे. मी आयुष्यभर बँकेत जामीनदारांचे फॉर्म तपासले. कोऱ्या फॉर्मवर सही घेणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळायचा. आय-८६४ हा अमेरिकन सरकारशी केलेला करार असतो. आम्ही नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत ती जबाबदारी सहसा सुटत नाही. खोट्या माहितीखाली सही गेल्याने उद्या त्या पोराच्याच ग्रीन कार्डात खोडा आला तर भावाला मी काय तोंड दाखवू?

आपल्या बिलात 'जॉइंट स्पॉन्सर सेवा: १८,००० रुपये' अशी ओळ आहे. ही रक्कम पूर्ण परत करावी. ती खूण कोणी केली याचा लेखी खुलासा आपल्या लेटरहेडवर द्यावा, म्हणजे पुतण्याला तो त्याच्या वकिलाकडे देता येईल. दोन्ही प्रकरणांची संपूर्ण फाइल व ऑनलाइन खात्याचे पासवर्ड मुलीच्या ताब्यात द्यावेत. मेडिकलची मुदत या घोळात संपली, तर दुसऱ्या तपासणीचा खर्चही आपणच सोसावा. नवा आय-८६४ व आय-८६४ए मुलगी आणि जावई स्वतः भरत आहेत. त्यात आपल्या कार्यालयाने हात घालू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत: बिलाची प्रत, २२१(जी) चिठ्ठीची प्रत, सहीच्या पानाचा ईमेल