पंपहाऊसवाल्या काकांना, उशिरा का होईना, थँक्यू

काका, नाव लिहू नको म्हणालात म्हणून नुसतं काका. त्या रविवारी जेवणावरून उठून माझा फोन घेतलात, तासभर डोकं लावलंत आणि मी गडबडीत धड थँक्यूही न म्हणता फोन ठेवला, ते तेव्हापासून खातंय मला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाण्याच्या टाकीवरचा लेव्हल ट्रान्समीटर (पाण्याची पातळी कळवणारं यंत्र) गेला म्हणून मी नवीन बसवला, खाली पंपहाऊसमध्ये जुनाच पीएलसी (छोटा कंट्रोल कॉम्प्युटर), मधे चारेकशे मीटर आरएस-४८५ ची वायर (ए आणि बी या दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावर डेटा जातो), बोलायची भाषा मॉडबस, वेग ९६०० बॉड. लॅपटॉप लावला की रीडिंग एकदम झकास, पीएलसीला जोडलं की सीआरसी एररचा (निरोप बिघडून आल्याच्या एररचा) पाऊस. बॉड ४८०० केला, ए-बी उलटे करून पाहिले (मग तर सगळंच बंद), वायरच्या शील्डला शिव्या घातल्या, व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) घातल्या. तिकडे ऑपरेटर बिचारा रात्री बॅटरी घेऊन टाकीवर चढून पाणी बघतोय.

तुम्ही एकच विचारलंत, "लाइनवर कोणी बोलत नसताना ए-बी मध्ये किती मिलिव्होल्ट?" मीटर लावला, १५. तुम्ही हसलात. "अरे मग पीएलसीतल्या मॅक्स४८५ चिपला काय कळणार, त्याला २०० तरी पाहिजेत, त्याच्या आत तो काहीही समजतो."

आणि मग कोडं सुटलं. नवीन ट्रान्समीटरची चिप आणि माझ्या लॅपटॉपचा कन्व्हर्टर दोन्ही फेलसेफवाले, त्यांचा थ्रेशोल्डच (कुठल्या व्होल्टेजला काय समजायचं ती सीमा) शून्याच्या खाली ठेवलेला, त्यामुळे लाइन शून्यावर पडली तरी ते तिला शांतच धरतात, म्हणून त्यांचं आपापसात छान जमत होतं आणि मी पीएलसीवर संशय घेत बसलो. पीएलसी प्रश्न विचारून ड्रायव्हर सोडतो (लाइनवर व्होल्टेज देणं थांबवतो) आणि उत्तर यायच्या आधी जो वेळ जातो तेवढ्यात मोटरच्या नॉइजने त्याला स्टार्ट बिट (बाइटची सुरुवात) आल्याचा भास व्हायचा. तुम्ही सांगितलंत म्हणून जुन्या चिपचं मोड्यूल लावून पाहिलं तर खरंच उत्तराच्या तोंडाशी एक फालतू शून्य-शून्य बाइट चिकटलेला, पुढचं सगळं बरोबर! एका बाइटपायी आख्खी फ्रेम (पूर्ण निरोप) बाद.

उपाय काय, तर ५६० ओहमचे दोन रेझिस्टर, प्लसची वायर ५ व्होल्टला, मायनसची ग्राउंडला, आणि फक्त एकाच ठिकाणी. गणितही फोनवर करून घेतलंत, वायरच्या दोन्ही टोकांना लावलेले १२० ओहमचे रेझिस्टर मिळून ६०, म्हणजे साधारण २५४ मिलिव्होल्ट. मीटरवर २५० च्या आसपास आले तेव्हा मी एकटाच पंपहाऊसमध्ये ओरडलो. एरर काउंटर तेव्हापासून हललेला नाही, ऑपरेटर रात्री झोपतो.

एक राहिलं. "मग आधी इतकी वर्षं कसं चालत होतं?" असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, जुना ट्रान्समीटर भंगारात टाकायच्या आधी उघडून बघ. बघितला काका. टर्मिनलच्या मागे दोन रेझिस्टर, दोन्ही ६८० चे. बायस (शांत लाइनला व्होल्टेज देणारी रेझिस्टरची जोडी) त्याच्यातच होता आणि मीच तो काढून फेकला होता.