शेंगा वरून दिसत नाहीत

संपादक महोदय,

यंदाही ऑगस्टात पावसाने ओढ दिली आणि पारावर उपग्रहावरून काढलेल्या दुष्काळाच्या नकाशाची चर्चा सुरू झाली. म्हणून २०२३ ची आमच्या शिवारातली गोष्ट कळवते.

त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. माझं साडेतीन एकर सोयाबीन तेव्हा ऐन फुलोऱ्यात होतं. मुरमाडातलं माना टाकून बसलं. काळीतलं तगलं, पण फुलं गळाली. सप्टेंबरात पाऊस आला, रान पुन्हा हिरवंगार झालं आणि त्या हिरवाईनेच घात केला. मुलाने मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा दाखवला, तर आमचं शिवार छान हिरवं! मी दहा झाडं उपटून बांधावर शेंगा मोजत बसले. कुठे सात, कुठे अकरा, त्यातही निम्म्या पोचट. चांगल्या साली झाडाला चाळीसेक तरी भरतात. मळणीला एकरी अडीच क्विंटलही उतरलं नाही.

नकाशा खोटा नाही. तो पानांचा हिरवेपणा मोजतो, दाणा नाही. शिवाय मोडिससारख्या उपग्रह-यंत्राचा एक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे जवळपास साडेपंधरा एकरांचा. त्यात माझं सोयाबीन, शेजाऱ्याचा विहिरीवरचा ऊस आणि ओढ्याची वेडी बाभूळ, सगळ्यांचा मिळून एकच रंग. बाभळीला कसला आलाय दुष्काळ!

म्हणूनच दुष्काळ कसा ठरवायचा हे सांगणाऱ्या केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत नकाशासोबत दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पीकपाहणी सांगितली आहे. आमच्याकडे पथक आलं ते ऑक्टोबरात, सोयाबीनच्या गंजी लागल्यावर. "साहेब, आता गंजीत शेंगा मोजायच्या का?" असं विचारलं, तर ते नुसतेच हसले. ३१ ऑक्टोबरला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. शेजारचे अंबाजोगाई, धारूर त्यात होते, आमचा केज नव्हता. पुढच्या महिन्यात हजारावर महसुली मंडळांत (तालुक्याच्या छोट्या भागांत) दुष्काळसदृश स्थिती मान्य झाली, म्हणजे पहिल्या यादीत काहीतरी निसटलं होतंच.

माझं म्हणणं एवढंच, की पेरणीच्या वेळीच प्रत्येक गावात तीन कोरडवाहू रानं ठरवा, एक मुरमाड, एक मध्यम, एक काळं, तीही डांबरी रस्त्यापासून आत. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून फोटो घ्यायचा, दहा झाडांची फुलं-शेंगा मोजायच्या, वीतभर उकरून मातीची मूठ वळून बघायची. नोंद गावातल्या माणसाने करावी, सहायक कृषी अधिकाऱ्याने तपासावी, आणि ती नकाशाच्या शेजारी ठेवूनच निर्णय व्हावा.

मी माझ्यापुरती वही घातली आहे. २२ ऑगस्टची नोंद: मुरमाड, मुठीत भुगा. काळी, गोळा होतो पण लगेच फुटतो. फुलं गळायला लागली.

— एक शेतकरी महिला, ता. केज, जि. बीड