ओठ वर करून बघायला शिकवलंत, काका

आदरणीय काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच "चहा टाकतेस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून पाठवतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या लोकमान्य नगरात कुत्री-मांजरं पाळणारी घरं आता पुष्कळ झाली आहेत. आमचा कुत्रा शेरू आणि बोका गोट्या यांच्या निमित्तानं तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्या घरांनाही हवंच आहे.

तुमची सगळी नोकरी पशुपालन खात्यात, इंदूरजवळच्या देपालपूर-सांवेरकडच्या गावांत, मालवी जातीच्या बैलांमध्ये, म्हशींच्या गोठ्यांत आणि लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचण्यात गेली. "कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर मी नाही" हे तुम्ही दर वेळी बजावता, आणि कुणी औषधाचं नाव विचारलं तर तोंडातून एक अक्षर काढत नाही. मला तुमची ही गोष्ट फार मोलाची वाटते. औषध सांगणारे शेजारी गल्लोगल्ली आहेत. जनावराकडे बघावं कसं आणि डॉक्टरकडे कधी धावावं, हे सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात.

शेरूला झालं तरी काय होतं? त्यानं पोळी सोडली होती, एवढंच. फाटकावर आलेल्या प्रत्येकाची हजेरी घेणारा कुत्रा पायरीवर गप्प पडून होता. सासूबाईंनी नाकाला हात लावून सांगितलं, नाक ओलं आहे, गार आहे, म्हणजे ताप नाही. आपल्याकडे सगळे हेच धरून चालतात. तुम्ही दूध घेऊन परत जात होतात. पिशवी कठड्यावर ठेवून आत आलात आणि पहिलं काम केलंत ते त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी बघण्याचं.

हिरडी फिकट होती. तुम्ही बोटानं दाबलीत, ती पांढरी पडली, बोट काढल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा होता, तो रेंगाळत आला. मग मलाही दाबून बघायला लावलंत. पांढरट हिरडी म्हणजे रक्त कमी झालेलं किंवा जनावर कोसळायला आलेलं, पिवळी म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे प्राणवायू पुरत नाही, हे तिथेच पायरीवर बसून सांगितलंत. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, हेही. आणि एक वाक्य बोललात ते आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे: "निरोगी असताना रोज बघत जा, म्हणजे आजारी पडल्यावर फरक कळेल."

मग कान उलटा केलात. आत गोचिड्या होत्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेतही निघाल्या. "आजच्या आज डॉक्टरकडे," एवढं म्हणून पिशवी उचललीत आणि गेलात.

रक्ततपासणीत गोचीड-ताप निघाला. डॉक्टर त्याला एर्लिकिया म्हणतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बऱ्याच उतरल्या होत्या, म्हणूनच अशा कुत्र्यांना कधी कधी नाकातून रक्त येतं. डॉक्टरांनी 28 दिवसांचा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स दिला. काही दिवसांतच शेरू पुन्हा पोळी मागायला लागला, आणि घरात चर्चा सुरू झाली की आता कशाला एवढ्या गोळ्या. काका, तुम्ही त्या दिवसांत रोज सकाळी फाटकाबाहेरून "गोळी झाली का?" असं विचारत होतात. कोर्स पुरा झाला त्याचं श्रेय त्या हाकेला. बरं दिसणं आणि बरं होणं यातलं अंतर तुम्ही गोठ्यांमध्ये इतक्यांदा पाहिलं असणार, की समजावत बसायची तुम्हाला गरजच वाटली नाही.

गोचिड्यांबद्दल तुम्ही सांगितलेलं मी इथे मुद्दाम लिहिते, कारण लोक कुत्र्याला औषध लावतात आणि घर विसरतात. कुत्र्यावर बसणारी ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, गोणपाटाखाली हजारो अंडी घालते. म्हणून शेरूचं अंथरूण उकळत्या पाण्यात गेलं, पायऱ्यांच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीला अगदी चिकटून धरायची आणि सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, काडीचा चटका द्यायचा नाही, बोटानं चिरडायची तर मुळीच नाही.

आणि कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराच्या जवळ न्यायचं नाही! त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलं तर मांजराला झटके येतात, जीव जातो. शेरूला औषध लावलं की ते पुरतं वाळेपर्यंत गोट्या वेगळ्या खोलीत, हा नियम तेव्हापासून आहे. मांजराला पॅरासिटामॉलची गोळी देणाऱ्यांनाही हे कळायला हवं. आपल्याला साधी वाटणारी ती गोळी मांजराचं यकृतही निकामी करू शकते. तिचं विष त्याच्या रक्तात उतरतं, रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, हिरड्या चॉकलेटी पडतात. एक गोळीसुद्धा पुरते.

गोट्याचं तर तुम्ही त्याला न बघताच ओळखलंत. तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जात होता, बसत होता, ओरडत होता, उठत होता. आम्हाला वाटलं पोट साफ होत नाही. सासूबाईंनी तूप चाटवायची तयारी केली होती. मी फोन केला तेव्हा जेवणं झाली होती, तुम्ही एकच विचारलंत: वाळूत ओला गोळा दिसतो का? दिसत नव्हता. "बोका आहे ना? मग सकाळची वाट बघू नका."

बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, खड्याच्या बारीक कणांनी ती बुजते. लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी त्याच रात्री नळी घालून मूत्राशय रिकामं केलं आणि सांगितलं, उशीर झाला असता. त्या रात्री तुम्ही आमच्या घरच्यांसारखे जागे होतात, हे मला काकूंकडून नंतर कळलं.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला सगळ्यात अवघड वाटतं. आमचं घर शाकाहारी. गोट्याला दूधभात, वर तुपाचा थेंब. तुम्ही सासूबाईंपुढे बसून, आवाज न चढवता सांगितलंत की मांजर मांस खाणारंच जनावर आहे. आपल्या आज्यांच्या काळातली मांजरं दूधभातावर जगायची असं आपल्याला वाटतं, पण ती बाहेर उंदीर, पाली, चिमण्या मारून पोट भरायची. गोट्या दार ओलांडत नाही, त्यानं काय करायचं? टॉरिन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात, आणि हृदयाचा स्नायूही दुबळा होतो हे 1987 मध्ये सिद्ध झालं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मागच्या पडवीत एक फळी रिकामी करून दिली. गोट्याची पाकिटं तिथे, त्याचा चमचा वेगळा, त्याची वाटी वेगळी. ओलं अन्न आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी, म्हणजे लघवी पातळ राहते. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता तुम्ही एका मुक्या जिवाचं ताट बदललंत, काका. हे सगळ्यांना जमत नाही.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण रोजच्या. कुत्र्याचा ताप थर्मामीटरनं गुदद्वारातच मोजायचा, आणि 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान, ते बघून घाबरायचं नाही. गाढ झोपेतला श्वास मिनिटाला तीसच्या वर सारखा जाऊ लागला तर डॉक्टरांना सांगायचं. सत्यनारायणाच्या प्रसादातला बेदाणा कुत्र्याला द्यायचा नाही, त्यानं मूत्रपिंड बंद पडू शकतं. कांदा-लसूण आणि चॉकलेटही नाही. शेव तर इंदूरकर पोह्यावरून स्वतःच्या ताटात घेता घेता समोरच्या कुत्र्यालाही घालतात, ती थांबवायला तुम्हाला फार कष्ट पडले! मे महिन्यात फिरायला न्यायचं ते उजाडताना, आणि रस्त्यावर आधी आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघायची. उन्हानं धाप लागून लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर साधं पाणी अंगभर ओतायचं, पंखा लावायचा आणि तसंच ओलं डॉक्टरकडे न्यायचं.

तुमचा आवाज चढलेला मी फक्त एकदा ऐकला. कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलाला रस्त्यावरचं पिल्लू चावलं आणि कुणीतरी जखमेवर लाल तिखट आणलं. ते ताट तुम्ही हातातून काढून घेतलंत, मुलाला नळाखाली धरलंत आणि साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुतलीत. हळद नाही, चुना नाही, पट्टी नाही. तिथून थेट सरकारी दवाखाना, आणि इंजेक्शनच्या सगळ्या तारखा पाळायच्या, एकही चुकवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, त्याआधी घेतलेली लसच वाचवते. "पिल्लू होतं", "नुसतं खरचटलं" या सबबी तुम्ही ऐकून घेत नाही ते बरोबरच आहे. 28 सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन, जागतिक रेबीज दिवस. तो जवळ आला की तुम्ही घरोघर जाऊन शेरू-मोतींची लसीची कार्डं तपासता, त्याबद्दल त्या प्रत्येक घराच्या वतीनं मी आज आभार मानते.

आता एक विनंती. तुमचं सांगणं मी एका वहीत उतरवत आले आहे, सोबत ती पाठवतेय. जिथे माझं ऐकण्यात काही राहिलं असेल तिथे तुमच्या हातानं दुरुस्त करा. पिल्लांच्या लसींचं पान अर्धं आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवडे होईपर्यंत, इतकं लिहिलंय. आईच्या दुधातून आलेली शक्ती लसीला आड येते म्हणून ती परत परत द्यावी लागते, असं तुम्ही म्हणाला होतात, ते तुमच्या शब्दांत हवंय. मागच्या आळीत नवीन पिल्लू आलंय. त्यांना ते पान आधी लागेल.

गुडघा दुखत असेल तर वही घ्यायला आणि द्यायला मीच येईन.

तुमची,
शेरू-गोट्याच्या घरची सून
लोकमान्य नगर, इंदूर