फॉर्मवर सही झाली, डॉक्टर कुठायत?

संपादक साहेब,
आमच्या मेहुण्याने मागच्या महिन्यात हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं, फॉर्मवर सही घेतली रिसेप्शनवरच्या मुलीने आणि डॉक्टर दिसले थेट बिलाच्या वेळी. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय की नुसतं यूट्यूब नाहीतर वर्कशॉप बघून असल्या सर्जरी सुरू करायच्या नाहीत (हे लेखी सांगावं लागतं, बघा!). आणि सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे, धोके आणि दुसरे पर्याय समजावून न सांगता घेतलेली संमती खरी नाही. इथे तर धडधाकट माणूस हौसेने टेबलवर झोपतो, मग डॉक्टरने उलट जास्तच सांगायला नको का? मेहुणा म्हणतो, फॉर्म वाचलाच नाही, सगळा इंग्रजीत होता.
— एक वाचक, ठाणे