लाल बटूंच्या ग्रहांना ऊब मिळते, पण ऊन?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावर लाल बटू ताऱ्यांच्या (म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद ताऱ्यांच्या) ग्रहांविषयीचा लेख वाचला. एरवी चांगला लेख, पण 'पाणी द्रवरूपात राहू शकते' इथून तो थेट 'जीवसृष्टी असणारच' इथे पोहोचला, ते काही पटले नाही. अतिनील किरणांचा उल्लेख त्यात एकदाच आला, तोही खलनायक म्हणून.

आमच्याकडे रावेर-चोपड्याच्या केळीच्या शेतात ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, कारण प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते. ती नसेल तर नळी उन्हात लवकर तडकते, आणि यात भुसावळच्या पंचेचाळीस अंशांपेक्षा अतिनील किरणांचा हात मोठा. हे किरण रेणूंमधले बंध तोडतात. पण जुने बंध तुटले की नवे जुळायलाही वाव मिळतो, आणि नेमके हेच लेखात राहून गेले.

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ जॉन सदरलँड यांच्या गटाने हायड्रोजन सायनाइड, सल्फाइट अशा साध्या द्रव्यांच्या पाण्यातल्या मिश्रणावर अतिनील दिवे लावून पाहिले. आरएनएच्या, म्हणजे पेशींत आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या रेणूच्या, वाटेवरचे रेणू तयार झाले. तेच मिश्रण अंधारात ठेवले तर भलतीच, पुढे कामाला न येणारी संयुगे हाती लागली. दिवे पाऱ्याचे, 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे; घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जंतू मारायला असतो त्याच जातीचे! 2018 मध्ये पॉल रिमर, सदरलँड आणि सहकाऱ्यांनी याचा ताऱ्यांशी हिशेब घातला. उजेडातली क्रिया अंधारातल्या क्रियेवर मात करील इतके किरण ग्रहाला मिळतात का? शांत लाल बटूंच्या उबदार पट्ट्यातल्या (जिथे पाणी द्रवरूपात राहू शकते अशा अंतरावरच्या) ग्रहांसाठी उत्तर आले, नाही.

कारण सरळ आहे. सूर्याला सर्वांत जवळची तारका प्रॉक्झिमा सेंटॉरी लाल बटूच आहे; तिच्या पृष्ठभागाचे तापमान सूर्याच्या जवळपास निम्मे. तिचा ग्रह 11.2 दिवसांत प्रदक्षिणा संपवतो इतका जवळ आहे, म्हणून उष्णता मिळते. पण त्या प्रकाशात अतिनील भाग फारच तुटपुंजा. शास्त्रज्ञ सुकृत रंजन यांच्या 2017च्या गणितानुसार अशा ग्रहांना रसायनांच्या उपयोगाचे अतिनील किरण तरुण पृथ्वीच्या तुलनेत 100 ते 1000 पटींनी कमी मिळतात. आपल्या पृथ्वीवर तेव्हा ओझोनचे छत्र नव्हते, हेही लक्षात घ्यावे.

मग हे ग्रह बादच का? तसेही नाही. लाल बटू भडकतात. 1 मे 2019 रोजी (इकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी) प्रॉक्झिमा अवघ्या काही सेकंदांत अतिनील प्रकाशात सुमारे 14,000 पट उजळल्याची नोंद आहे. असे भडके वारंवार होत राहिले तर किरणांची तूट भरून निघू शकेल, असे रंजन आणि रिमर दोघांच्याही लेखनात आहे. तेच भडके वातावरण उडवून लावतील ही भीतीही खरी. शिवाय जीवाची सुरुवात समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी, उजेडाविना झाली असे मानणारे शास्त्रज्ञही आहेतच. त्यांचे खरे ठरले तर हा सगळा हिशेबच गैरलागू होईल. मला स्वतःला उजेडाची बाजू अधिक पटते, कारण तिथे प्रयोग करून दाखवलेला आहे.

आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे लाल बटू आहेत, तेव्हा अशा बातम्या येतच राहणार. पुढच्या वेळी ग्रहाच्या तापमानासोबत त्याच्या ताऱ्याच्या अतिनील किरणांविषयीही दोन ओळी द्याव्यात. आणि मे महिन्यात शून्य सावलीची बातमी छापाल तेव्हा रात्रीच्या आकाशाचा नकाशाही द्या. तोरणमाळला जाणाऱ्यांना दक्षिण क्षितिजालगत नरतुरंग तारकासमूहातला 'मित्र' (अल्फा सेंटॉरी) हा तारा दिसू शकतो; प्रॉक्झिमा त्याच्याच शेजारची, फक्त दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

आपला,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)