चार देश सोड, एकच धर

नाशिक, रविवार

प्रिय दत्तू,

तू पाठवलेला सहलीचा कागद दोनदा वाचला. नऊ दिवसांत चार देश, आणि त्यात स्वित्झर्लंडच्या वाट्याला दीड दिवस. म्हणजे रोज सकाळी सातला बॅगा बसच्या पोटात आणि रात्री नऊला बाहेर. काकूंचे गुडघे आणि धाकटीला लागणारी गाडी बघता हे जमायचं नाही. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं तू द्राक्षाच्या बागेतच विसरला असतास, म्हणून लिहून देतोय.

चार देश सोड. एकट्या स्वित्झर्लंडला सात रात्री दे आणि मुक्काम दोनच ठिकाणी टाक: पाच रात्री इंटरलाकेनजवळच्या विल्डर्सविलला, दोन रात्री जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हवेला. कारण सरळ आहे. तिथे माणूस जातो डोंगर बघायला, आणि डोंगर कधी दिसेल ते ढगांच्या हातात. कागदावर ‘चौथा दिवस : युंगफ्राउ’ असं छापून ठेवलं आणि त्या दिवशी ढग उतरले, की दोनशे फ्रँकच्या वरचं तिकीट काढून पांढरी भिंत बघायची. फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे, गुणाकार तूच कर. एका गावात पाच रात्री असल्या तर त्यातली सर्वात स्वच्छ सकाळ आपल्याला निवडता येते. बाकी सगळी आखणी या एका गोष्टीभोवती आहे.

महिना कोणता? मुलांच्या सुट्टीमुळे सगळे मे धरतात. पण मेमध्ये वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात आणि बऱ्याच रोप-वे दुरुस्तीसाठी बंद. तुझी द्राक्षाची उन्हाळी, म्हणजे खरड छाटणी एप्रिलमध्ये उरकते, फळासाठीची गोडी छाटणी लागायला अवकाश असतो. तेव्हा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघ. हवा स्थिर, गर्दी ओसरलेली. गणपती कधी बसतात तेवढं पंचांगात पाहून घे आणि शाळेची रजा वहिनींवर सोपव.

आता व्हिसा. स्वित्झर्लंडला युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तू तीन महिने आधी कर. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि सगळे दिवस त्यात बसले पाहिजेत. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा, दोन पानं कोरी. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जा. सकाळच्या पंचवटीनं जाणार असशील तर वेळ दुपारची घे, गाडी लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही. अर्ज अडकतो तो बहुतेक नावांवरून. बँकेत वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव आधी, वहिनींचं कुठे माहेरचं तर कुठे सासरचं. पासपोर्टवर जसं आहे तसंच तिकिटावर, विम्यावर आणि हॉटेलच्या बुकिंगवर आलं पाहिजे. शेतीच्या उत्पन्नावर कर नसला तरी विवरणपत्र, सातबारा आणि द्राक्षाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे पैसे, खात्यात जमा झाल्याचं दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट जोड. शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी पैसे आणून खातं फुगवू नकोस. ते त्यांना लगेच कळतं.

विमानाचं तिकीट जाताना मुंबई–झुरिक, येताना जिनिव्हा–मुंबई असं एकत्र काढ; परतीला एकदा विमान बदलावं लागेल, पण देश उलटा ओलांडायचा अर्धा दिवस वाचतो. विमान मध्यरात्रीनंतरचं असलं तर तारीख दोनदा वाच. सहा तारखेचं रात्री पाऊणचं विमान म्हणजे पाचच्या रात्री विमानतळावर पोहोचायचं. समृद्धीनं इगतपुरी ते आमणे झटकन होतं, पण पुढचं भिवंडी-ठाणे तुझ्या हातात नाही. दुपारीच नीघ.

सकाळी झुरिकला उतरलात की विमानतळाखालूनच लुत्सर्नची गाडी मिळते, सव्वा तासाच्या आत पोहोचवते. तिथे स्टेशनवरच्या लॉकरमध्ये सामान टाकून तीन तास फिरा. चौदाव्या शतकातला लाकडी पूल स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. १९९३ मध्ये त्याचा बराच भाग जळाला आणि वर्षभरात पुन्हा उभा केला. लुत्सर्नला वेगळा मुक्काम नको, एवढं पुरे.

तिथून ब्रुनिग घाटातून इंटरलाकेनला जाणारी गाडी दोन तासांची. लुत्सर्नहून निघताना उजव्या बाजूची खिडकी धर. आधी लुंगर्नचं हिरवं तळं उजवीकडे येतं. मग मायरिंगेनला गाडी उलट्या दिशेनं निघते, आणि पुढचं ब्रिएंझ सरोवरही तुझ्याच खिडकीत येतं. डावीकडचे बिचारे दोन्ही वेळा माना वाकड्या करून बघतात. कसाऱ्याचा चढ सदतीसास एक, तरी आपल्याकडे मागून इंजिनं जोडावी लागतात. इथे काही ठिकाणी साधारण आठास एक. म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाखालचं दातांचं चाक तिच्यात अडकून गाडी वर ओढतं. पट्टी सुरू होते तिथे वेग एकदम कमी होतो आणि खालून खरखर ऐकू येते. मोठ्याला ते दाखव.

तिकिटांचं गणित इथे चुकतं. एजंट सरसकट स्विस ट्रॅव्हल पास विकतात, म्हणजे ठरलेले दिवस कितीही फिरा. रोज लांबचा रेल्वेप्रवास असेल तर तो उत्तम. पण तुम्ही दोनच ठिकाणी राहणार, आणि खर्च होणार तो डोंगरावरच्या गाड्यांवर. युंगफ्राउयोख या सगळ्यात वरच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या शेवटच्या टप्प्याला पासवर फक्त पंचवीस टक्के सूट मिळते. हाफ फेअर कार्डावर जवळजवळ सगळीकडे निम्मं भाडं, डोंगरावरही, आणि कार्ड महिनाभर चालतं. तुमच्या आखणीला तेच परवडेल. तरी पक्कं करायच्या आधी सगळी भाडी एकदा वहीत मांडून बेरीज कर. त्यासोबत फॅमिली कार्ड फुकट मिळतं, ते मागून घे. सहा ते पंधरा वर्षांची मुलं आई किंवा वडील सोबत असतील तर मोफत. आजी चालत नाही! काकू नातीला घेऊन वेगळ्या गाडीत बसल्या तर नातीचं तिकीट लागेल. सुपरसेव्हर नावाची स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीलाच बांधलेली असतात. ती विमानतळाच्या बाजूलाही नको, डोंगराला तर मुळीच नको.

विल्डर्सविल आपल्या नाशिकएवढ्याच उंचीवर, सहाशे मीटरच्या आत. इंटरलाकेनपेक्षा शांत, आणि डोंगराकडे जाणाऱ्या गाडीचं पुढचंच स्टेशन. फक्त एक लक्षात ठेव: ती गाडी त्स्वायल्युचिनेनला मधोमध तुटते. निम्मे डबे लाउटरब्रुनेनला, निम्मे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचून बसा आणि सगळे एकाच डब्यात बसा, नाहीतर काकू एका दरीत आणि तू दुसऱ्या.

रोज सकाळी उठल्यावर चहाच्या आधी डोंगरावरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र मोबाइलवर बघ. खाली धुकं असून वर लख्ख ऊन असू शकतं, आणि उलटही. तिथल्या हवामान खात्याचं अ‍ॅप आदल्या संध्याकाळी अंदाज देतं. अंदाज चांगला असेल तर तिकीट तेव्हाच काढ आणि पहिल्या गाड्यांपैकी एक पकड, कारण दुपारी ढग चढतात. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून २०२० मध्ये सुरू झालेला आयगर एक्सप्रेस रोप-वे पंधरा मिनिटांत २,३२० मीटरवर नेतो. तिथून १९१२ मध्ये पूर्ण झालेली बोगद्यातली गाडी ३,४५४ मीटरवर, युंगफ्राउयोखला. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी उंची उरते, आणि तीही दोन तासांत! शरीराला सरावायला वेळच मिळत नाही, म्हणून वर डोकं जड होतं, धाप लागते. रोप-वेतून उतरल्यावर अर्धा तास थांबा, पाणी प्या, मगच पुढे. वर पळापळ नको, पोट अगदी रिकामंही नको. रक्तदाबासाठी काकूंच्या डॉक्टरांना आधी विचार. गॉगल सगळ्यांना हवाच, बर्फावरून येणारी तिरीप डोळ्यांना सहन होत नाही. उतरताना क्लायने शायडेग आणि वेंगेनमार्गे आगगाडीनं या, वाट वेगळी आणि जास्त सुंदर.

काकूंना वर जायचं नसेल तर त्यांचा दिवस म्युरेनला. तिथे मोटारी नाहीत आणि उंची १,६३८ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा आठ मीटर कमी. बाकावर बसलं की आयगर, म्योंख, युंगफ्राउ समोर. मला विचारशील तर युंगफ्राउयोखवरच्या गर्दीपेक्षा हा बाक सरस. शिनिगे प्लाटेची १८९३ पासूनची दातेरी गाडी विल्डर्सविलहूनच सुटते, तीही चुकवू नका. पावसाच्या दिवसासाठी डोंगराच्या पोटातला ट्र्युमेलबाखचा धबधबा ठेवा; पायऱ्या ओल्या असतात, काकूंना बाहेरच बसवा. फारच धो धो लागला तर बर्नला जा, तिथले बाजाररस्ते छताखालून जातात.

व्हवेला जाताना इंटरलाकेन ते माँत्रो गोल्डनपास एक्सप्रेस घ्या, साधारण सव्वातीन तास. झ्वायझिमेनला ती रुंद रुळांवरून एक मीटरच्या रुळांवर येते आणि चाकांमधलं अंतर चालता चालता बदलतं. २०२२ पूर्वी तिथे उतरून गाडी बदलावी लागे.

व्हवे खास तुझ्यासाठी. शेजारीच लावॉचे द्राक्षमळे, सरोवरावर उतरत जाणाऱ्या दगडी बांधांवर, २००७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. व्हवेहून छोट्या गाडीनं शेब्रला चढा आणि मळ्यांतून उताराला चालत रिव्हाजला या. चढ नाही, तासाभराचा रमतगमत रस्ता. वेली शासला जातीच्या, पांढऱ्या वाइनच्या. आपल्यासारखा मांडव नाही, तारेवर कमरेएवढी बुटकी वेल. तिथले लोक म्हणतात, द्राक्षाला तीन सूर्य मिळतात: आकाशातला, पाण्यावरून परतणारा आणि दिवसभर तापलेल्या दगडी भिंतींचा. बांधांवरून माल ओढायला एका रुळावरची इवलीशी दातेरी गाडी असते, ती नीट बघून घे. पण वेलीची काडी खिशात टाकून आणायचा मोह आवर. आयात परवाना आणि क्वारंटाइनशिवाय ती मुंबईत जप्त होईल, आणि नाहीच झाली तर कुठला रोग बागेत आणशील सांगता येत नाही.

खाण्याचं म्हणशील तर दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेली खोली बघ. तांदूळ, मुगडाळ, मेतकूट, चिवडा न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नको, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. दुकानं रविवारी बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी. पाणी विकत घेऊ नका, नळाचं चांगलं असतं. मोबाइलच्या चार्जरच्या बारीक दोन पिना तिथल्या बोर्डात बसतात, आपल्या जाड तीन पिनांना अ‍ॅडॅप्टर लागेल. आणि हॉटेलात पर्यटक-कर भरलात की गावातल्या बसचं मोफत कार्ड मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही.

गुरुवारी मार्केटला येशील तेव्हा पाचही पासपोर्ट घेऊन ये. नावं मी एकदा ताडून बघतो. धाकटीच्या पासपोर्टची मुदतही बघून ठेव, लहान मुलांचा पाचच वर्षं चालतो.

तुझा,
अव्या