डोळे तेवढे राहिलेत

फिलाडेल्फिया
ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय मंगे,

आम्ही सगळे बरे आहोत. माझी पाठ अधूनमधून धरते, ह्यांची साखर आटोक्यात आहे. झालं.

तुला एक विचारायचंय. फोनवर विचारलं असतं तर तू "अगं चालेल गं" म्हणून मोकळी झाली असतीस. तुझं ते "चालेल" मला चांगलं ठाऊक आहे. हॉस्टेलवर तुझी हिरवी साडी रेक्टरबाईंच्या पुतणीला देऊ का, तर चालेल. आणि मग महिनाभर तोंड फुगवून कोण बसलं होतं? म्हणून पत्र. सावकाश वाच आणि मगच उत्तर दे.

आमच्या वस्तीतल्या लायब्ररीत हॅलोवीनला भिंतीवर चित्रं लावणार आहेत, विषय जुन्या गूढ-भयाच्या कादंबऱ्या. मी लाकडी फळ्यांवर तीन कोलाज करतेय. कागद, कापड, दोरा, बटणं, रंग, सगळं आलं त्यात. दोन झाली. पहिला एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन कवीचा डोमकावळा. पो या गावात काही वर्षं राहिलेला, आणि इंग्रज कादंबरीकार डिकन्सने पाळलेला ग्रिप नावाचा डोमकावळा पेंढा भरून इथल्या मोठ्या लायब्ररीत ठेवलाय. पोच्या १८४५च्या कवितेमागे तोच पक्षी असावा असं मानतात. मी त्याला बघून आले. पंखांना कार्बन पेपर लावलाय, त्याची निळसर काळी झाक मला फार आवडली.

दुसरं ड्रॅक्युलाचं. इथल्या रोझेनबाख संग्रहालयात त्याच्या लेखकाने, स्टोकरने, स्वतः लिहिलेली टिपणं आहेत. मंगे, त्यात काउंटचं आधीचं नाव वॅम्पिर होतं. ते खोडून त्याने वर ड्रॅक्युला लिहिलंय! १८९७ची ती कादंबरी म्हणजे तरी काय, रोजनिशा, पत्रं, तारा, जहाजाची नोंदवही, वर्तमानपत्राची कात्रणं. कोलाजच की. त्यामुळे मला फार डोकं चालवावं लागलं नाही. तारेचे कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले, वर कादंबरीतल्या व्हिटबीच्या किनाऱ्याचा नकाशा.

तिसरा आपला. तुझा, खरं तर. फ्रँकेन्स्टाइनचा तो बिननावाचा जीव.

लायब्ररीतल्या बाईंना हिरवा चेहरा, सपाट डोकं आणि मानेत खिळे हवे होते, मुलांना ओळखू येतो म्हणून. मी म्हटलं, ते १९३१च्या सिनेमापासून आलेलं. अठरा वर्षांच्या मेरी शेलीने लिहायला घेतलेल्या पुस्तकात तो पिवळा आहे. कातडी इतकी पातळ की खालचे स्नायू आणि शिरा जेमतेम झाकल्या जाव्यात. केस काळेभोर, लांब, चमकणारे; दात मोत्यासारखे. त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरने सगळं सुंदरच निवडलं होतं. बाई चांगल्या आहेत, त्यांनी ऐकलं.

कातडी मला जमली आहे, आणि ती तुला दाखवायला जीव तुटतोय. खाली शरीरशास्त्राच्या जुन्या पुस्तकातल्या खोदचित्रांच्या प्रती चिकटवल्या, स्नायूंच्या, रक्तवाहिन्यांच्या. प्रती लेझर प्रिंटरवरच काढायच्या, साध्या इंकजेटची शाई ओली झाली की पसरते. त्यावर पांढऱ्या टिश्यू पेपरचे फाडलेले तुकडे, जेल मीडियममध्ये, म्हणजे पारदर्शक चिकट लेपात, भिजवून, थरावर थर. कापायचे नाहीत, फाडायचे, म्हणजे कडा दिसत नाहीत. ओला टिश्यू पारदर्शक होतो आणि वाळल्यावरही तसाच राहतो, त्यामुळे शिरा आतून दिसतात. वर गेरूच्या जातीतल्या पिवळ्या मातकट रंगाचा पाणीदार हात. हळद लावायचा मोह झाला होता, पण तिचा रंग उजेडात उडतो. दातांना शिंपल्याच्या बटणांचे तुकडे. केसांना काळा रेशमी दोरा.

डोळे तेवढे राहिलेत.

मासिकांतले लावून बघितले, ते जाहिरातीतले वाटतात. खोदचित्रांतले मेलेले वाटतात. हे म्हणाले, मिटलेले दाखव. पण मिटून चालणार नाही गं. आठवतं ना, नोव्हेंबरची ती रात्र, पाऊस, मेणबत्ती संपत आलेली, आणि तो डोळा उघडतो. बस, तिथेच व्हिक्टर पळतो. त्या जीवाने काही केलेलं नसतं. फक्त बघितलेलं असतं. डोळे मिटले तर ते प्रेत होईल, आणि मला प्रेत करायचं नाहीये.

परवा अल्बममध्ये पन्हाळ्याचा फोटो सापडला. तीन दरवाजापाशी आपण सगळ्या, आणि सगळ्या खिदळताहेत. तू एकटी सरळ कॅमेऱ्यात बघतेयस. पांढरे डाग तेव्हा नुकते डोळ्यांपाशी आले होते. मी त्या डोळ्यांकडे किती वेळ बघत बसले ते सांगत नाही.

मला ते डोळे हवेत, मंगे. हेच विचारायचं होतं.

कुणी त्या चित्राला राक्षस म्हणेल. म्हणतीलच, पोरं तर नक्की म्हणतील. आणि तुझे डोळे त्यात असतील, तुझ्या त्या पांढऱ्या कडांसकट. तुझ्या मामेबहिणीच्या लग्नात, ऐन फोटोच्या वेळी तुला पाणी आणायला कुणी पाठवलं, ते मी विसरलेले नाही. तू पाणी आणलंस आणि फोटोग्राफरच्या मागे उभी राहून आम्हा सगळ्यांकडे बघत राहिलीस. त्यानंतर वर्गात ते पुस्तक आलं. तो भिंतीच्या फटीतून त्या गरीब कुटुंबाकडे महिनोन्‌महिने बघतो, रात्री त्यांच्यासाठी लाकडं आणून टाकतो, बोलायला शिकतो, आणि आंधळ्या म्हाताऱ्याशिवाय कुणी त्याच्याशी चार शब्द बोलत नाही, हे सरांनी वाचून दाखवलं तेव्हा तू वही मिटलीस.

आणि मी मेली जस्टिनची बाजू घेऊन भांडले! खून त्याने केला आणि ती बिचारी मोलकरीण काही न करता फासावर गेली, त्याचं काय? हे मी आजही म्हणेन, त्या मुद्द्यावर मी हटणार नाही. तू म्हणालीस, "त्याच्याकडे आधी माणसासारखं बघा, मग माझ्याशी जस्टिनबद्दल बोला." आठवडाभर अबोला. मिसळ खायला तू एकटी गेलीस आणि माझ्या वाटणीचा कटही प्यायलीस, हे मला नंतर कळलं.

मला तू त्याच्यासारखी वाटतेस म्हणून नाही मागत. त्याच्याकडे कसं बघावं हे मला तुझ्यामुळे कळलं, म्हणून मागतेय. मेरीने पुस्तकाच्या ऐन मध्यावर त्याला स्वतःच्या तोंडाने बोलायला जागा दिली. चित्राला बोलता येत नाही. त्याच्याकडे डोळेच आहेत. भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला वाटायला हवं की आपण याच्याकडे नाही, हा आपल्याकडे बघतोय, आणि तरी तिथून हलू नये. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी ते होत नाहीये.

पण मला भीती वाटते. तू हे वाचून गप्प होशील, आणि तुझं ते गप्प बसणं मला समुद्रापलीकडून ओळखता येणार नाही. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. मग मी त्याला पाठमोरा करीन, केस मोकळे, तळ्याच्या पाण्यावर वाकलेला, आणि पाण्यात काहीच दिसत नसेल. तेही वाईट होणार नाही. तुझ्या नाही म्हणण्याने आपल्यात काही बदलणार नाही, आणि तू हो म्हणालीस तरी तुझं नाव कुठे लिहिणार नाही. पंचवीस तारखेच्या आत कळव. जेल मीडियम वाळलं की मग काही सुटत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? मिरज मिळालं का? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर की आधी? पोरीला सांग, मावशीने रंग पाठवलेत, पण आईच्या ओढणीवर नाही वापरायचे. घर रंगवलंत म्हणे. तो खिडकीतला कोपरा ठेवलाय ना माझ्यासाठी?

तुझी,
शुभा

ता. क. मूळ फोटोला कात्री लावणार नाही. तो अल्बममध्येच आहे. मी फक्त डोळ्यांची प्रत काढीन, आणि तीही तुझं उत्तर आल्यावर.